बीमखालून केबल ट्रे २० सेंटीमीटर खाली घ्यायचा असल्यास ४५ अंशांचा बेंड जागेवरच कसा करावा?

चोपडा तालुक्यातील कापसाच्या जिनिंगमध्ये ३०० मिलिमीटर रुंदीचा, छिद्रांचा, जस्ताचा थर दिलेला लोखंडी (जीआय) ट्रे बीमखालून न्यायचा आहे, तयार बेंड मिळत नाही आणि त्यातून सुमारे ४० मिलिमीटर जाडीची आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, केबल जाणार आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते येथे ४५ अंशांचा बेंड करूच नये. ३० अंशांचा करावा.

पत्रा हवा तसा वाकतो, पण केबल वाकत नाही. अशा केबलच्या वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या किमान १२ पट, म्हणजे येथे ४८० मिलिमीटर, ठेवावी लागते. ४५ अंशांत २०० मिलिमीटर उतरण्यासाठी दोन घड्यांमध्ये (पहिली ट्रे खाली वळवणारी, दुसरी तो पुन्हा आडवा करणारी) २०० गुणिले १.४१४, म्हणजे २८३ मिलिमीटर अंतर येते. केबलला मात्र एका पाठोपाठची ती दोन उलट वळणे घेण्यासाठी जवळजवळ ४०० मिलिमीटर लागतात. जळगावातील एका डाळ मिलमध्ये मी सवयीने ४५ अंशांचा बेंड केला होता, तेव्हा केबल ट्रेत बसेचना. दोन माणसांनी दाबून धरली तरी ती मधल्या उतारावर पुलासारखी अधांतरी राहिली आणि अखेर ट्रेचा तो तुकडा भंगारात गेला. ३० अंशांत घड्यांमधील अंतर २०० च्या दुप्पट, म्हणजे ४०० मिलिमीटर होते आणि केबलला सुमारे २६० पुरतात.

ट्रेच्या तळावर ४०० मिलिमीटर अंतराने दोन आडव्या रेषा काटकोनातच आखाव्यात, कारण रेषा तिरकी झाली की पुढचा सगळा ट्रे भिंतीपासून फाकत जातो. पहिली घडी खालच्या दिशेने असल्यामुळे तेथे बाजूच्या उभ्या कडा सरळ कापाव्यात. वाकवल्यावर त्या आपोआप उघडतात आणि ती फट बाहेरून पट्टी बोल्ट करून जोडावी. दुसऱ्या घडीत कडा एकमेकींवर येतात, म्हणून तेथे आधी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच काढावी. कड ५० मिलिमीटर उंच असेल तर खाचेची रुंदी वर २७ मिलिमीटर आणि तळाशी शून्य ठेवावी. घडीच्या रेषेवर अँगल दाबून धरून पत्रा हळूहळू वाकवावा. हातोड्याने ठोकल्यास जस्ताचा थर उडतो. कापलेल्या कडा कानशीने घासून त्यांवर झिंक रिच, म्हणजे भरपूर जस्त असलेला, पेंट लावावा, आणि बोल्टचे गोल डोके आत व नट बाहेर ठेवावा, म्हणजे केबल सोलली जाणार नाही.

पत्रा कापण्याचा ग्राइंडर मात्र ठिणग्यांमुळे शेडबाहेर, रुईपासून दूरच चालवावा. शक्य असल्यास हे काम कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी उरकावे.

आधार दोन्ही घड्यांच्या जवळ आणि इतरत्र दीड मीटरच्या आत द्यावेत. आपल्याकडे हिवाळ्यातील पहाटेचे १० अंश आणि मे महिन्यातील दुपारचे ४५ अंश यांतील फरकाने ३० मीटर लांबीचा लोखंडी ट्रे सुमारे १२ मिलिमीटर लांबतो, आणि पत्र्याच्या छताखाली त्याहूनही अधिक. म्हणून लांब सरळ भागात तुकडे जोडणाऱ्या कपलर प्लेटची छिद्रे लांबट घ्यावीत व दोन तुकड्यांत थोडी फट सोडावी. अशा सैल जोडावर अर्थिंगसाठी विसंबून राहू नये. ट्रेच्या कडेने अखंड जीआय पट्टी न्यावी आणि ती प्रत्येक तुकड्याला बोल्टने जोडावी.