मॅश बास्केट: जाळीच्या आधी बाहेरचं पाणी मोजा

घरी बिअर करण्यासाठी मॅश बास्केट, म्हणजे केटलमधल्या गरम पाण्यात माल्ट धरून ठेवणारी जाळीची टोपली, करून घ्यायची आहे, तर जाळी कशी घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. तुमचा प्रश्न जाळीचा आहे, पण मी आधी मापांकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. तुमची केटल (बिअर करण्याचं भांडं) १५ लिटरची, आतला व्यास २६ सेमी. बास्केट २३ सेमी व्यासाची, तळापासून ६ सेमी वर. माल्ट (मोड आणून वाळवलेलं, भरडलेलं धान्य) २.५ किलो, पाणी १० लिटर. म्हणजे किलोला ४ लिटर, छान पातळ मॅश (माल्ट-पाण्याचं मिश्रण), असं कागदावर दिसतं.

आता हिशेब करा. माल्ट स्वतः साधारण पावणेदोन लिटर जागा घेतो, त्यामुळे पातळी २२ सेमीपर्यंत येते. बास्केटखाली सव्वातीन लिटर पाणी, भोवतालच्या फटीत जवळजवळ दोन लिटर. निम्मं पाणी माल्टला शिवतच नाही! आत किलोला जेमतेम २ लिटर उरतात. मॅश घट्ट होतो, गाठी फुटत नाहीत आणि साखर चोथ्यातच अडकते. मग आपण दोष माल्टच्या भरडीला देतो. मीही दोन-तीन बॅच तसाच दिला होता.

बास्केट २४.५ सेमीची करा आणि केटलच्या तळातल्या एलिमेंटला (विजेच्या हीटरला) लागणार नाही इतपत खाली, तळापासून ४ सेमीवर बसवा. बाहेरचं पाणी सव्वातीन लिटरवर येतं, आत किलोमागे पावणेतीन लिटर मिळतात. तेवढ्याच केटलमध्ये केवढा फरक! मात्र बास्केटचा तळ एलिमेंटवर टेकू देऊ नका. जाळीतून उतरलेलं पीठ तिथे बसतं, करपतं आणि तो वास बिअरमधून जात नाही.

जाळी ४०० मायक्रॉनची, म्हणजे ०.४ मिमी छिद्रांची घ्या. माझी पहिली बास्केट २०० मायक्रॉनची होती. वॉर्ट (माल्टमधून उतरलेलं गोड पाणी) स्वच्छ येईल या आशेने घेतली आणि वर उचलली तर बादलीसारखी भरलेलीच! चोथ्यावर चार बोटं वॉर्ट तसाच उभा, खाली थेंब-थेंब. अर्धा तास चमच्याने जाळी खरवडत होतो.

बाजू जाळीच्या की बंद, हे पंपावर ठरतं. पंप नसेल तर चारही बाजूंनी जाळी हवी, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी ढवळून बास्केट थोडी वरखाली करायची, म्हणजे बाहेरचं पाणी आत फिरतं. पंपाने वॉर्ट वरून सोडणार असाल तर बाजू बंद पत्र्याच्याच ठेवा. नाहीतर वॉर्ट वरच्या वरच बाजूच्या जाळीतून निसटतो, माल्टच्या थरातून उतरतच नाही.

पत्रा ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलचा, जोड आर्गन वेल्डिंगचे, आतून घासून गुळगुळीत. कडी जाड घ्या. भिजलेला माल्ट बास्केटसकट सहज आठ-नऊ किलो भरतो आणि तो ६५ अंशांच्या आसपास गरम असतो, हातात धरून निथळत उभं राहता येत नाही. खालच्या कडेला बाहेरून तीन छोटे कान लावा. उचलून जरा फिरवली की ते केटलच्या काठावर टेकले पाहिजेत. पण कान फटीत मावायला हवेत, आणि तेवढे छोटे कान नुसत्या काठावर टेकत नाहीत, म्हणून केटलच्या काठावर आत वळणाऱ्या तीन पट्ट्या ठेवून कान त्यांवर टेकवणं मला जास्त सोयीचं वाटतं.

आणि पाऊण सेंटीमीटरच्या फटीत नळाचा आतला नट किंवा थर्मामीटरची कांडी आडवी येऊ शकते. वेल्डिंगला देण्याआधी पुठ्ठ्याचं त्याच मापाचं नळकांडं करून केटलमध्ये उतरवून बघा.