वाचक विचारतात: शॉकवेव्ह, एक डोळा आणि चेहराच नाही

चवथीच्या सुट्टीत पोरांनी बहुतेक ट्रान्सफॉर्मर्सच बघितलेत, कारण यावेळी टपालात आणि मेलवर तेच प्रश्न जास्त आलेत, आणि त्यातही व्हिलनांचा म्होरक्या मेगाट्रॉन सोडून सगळे शॉकवेव्हच्या मागे लागलेत. मला तर आनंदच झाला, माझा सगळ्यात आवडता व्हिलन तोच. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीची रूप बदलणारी रोबो खेळणी घेऊन ट्रान्सफॉर्मर्स हा ब्रँड काढला, सोबत मार्वलचं कॉमिक आणि टीव्हीवरचं कार्टूनही आलं. सायबरट्रॉन नावाचा ग्रह, त्यावर ऑटोबॉट म्हणजे चांगले आणि डिसेप्टिकॉन म्हणजे वाईट, आणि त्यांचं लाखो वर्षं चाललेलं युद्ध. शॉकवेव्ह डिसेप्टिकॉन आहे. जांभळा रंग, षटकोनी डोकं, त्यात चेहरा नाही, फक्त एक पेटलेला डोळा, डाव्या हाताच्या जागी बंदुकीची नळी, आणि रूप बदललं की तो स्वतःच एक मोठी अंतराळातली बंदूक होतो.

ताई, सिनेमात शॉकवेव्ह येतो आणि जातो, धड बोलत पण नाही. मग सगळे त्याला एवढा डेंजर का म्हणतात? (नववीतला विद्यार्थी, पर्वरी)

अरे, सिनेमावरून त्याला जोखू नकोस. २०११ च्या तिसऱ्या सिनेमात तो शिकागोत जमीन पोखरणारा तो अजस्र किडा घेऊन येतो, दिसतो भारी पण त्याला करायला काहीच दिलेलं नाही. २०१८ च्या बंबलबीमध्ये सुरुवातीच्या सायबरट्रॉनच्या लढाईत जुन्या रूपात दिसतो, ते बघून माझ्यासारखे लोक खुर्चीतून उठले, पण तेही थोडा वेळच. आणि जुन्या कार्टूनमध्ये तर त्याला राखणीला बसवलाय. मेगाट्रॉन ऑटोबॉट्सच्या मागे निघून जातो, पृथ्वीवर आदळून ४० लाख वर्षं बेशुद्ध पडतो, आणि हा बिचारा तेवढी सगळी वर्षं सायबरट्रॉन सांभाळत एकटा वाट बघत बसतो. इमानदार आहे, आवाज मस्त आहे (कोरी बर्टनचा), पण भीती वाटत नाही त्याची.

खरा शॉकवेव्ह बघायचा तर मार्वलच्या कॉमिकमध्ये. ते कॉमिक आधी फक्त चार अंकांचंच ठरलं होतं. चौथ्या अंकात डिसेप्टिकॉन्सना मिळालेल्या इंधनात एका माणसाने विष मिसळलेलं असतं, ते एकेक करून कोसळतात, ऑटोबॉट जिंकले असं वाटतं, वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि तेवढ्यात शेवटी हा येतो आणि दमलेल्या ऑटोबॉट्सना उडवतो. संपलं. पुढे कॉमिक चालू ठेवायचं ठरलं, आणि पाचव्या अंकाचं कव्हर तर आजही लोक फ्रेम करून भिंतीला लावतात: शॉकवेव्ह उभा आहे आणि मागच्या भिंतीवर त्याच्या बंदुकीने जाळून लिहिलंय की ट्रान्सफॉर्मर्स सगळे मेले. विचार कर, लहान मुलांच्या खेळण्यांचं कॉमिक आणि त्याच्या कव्हरवर हे! पुढे तेच कॉमिक १९९१ पर्यंत चाललं, ८० अंक.

आता डेंजर का, तर तो चिडत नाही. मेगाट्रॉन ओरडतो, त्याच्याच गटातला स्टारस्क्रीम कट करतो, पकडला गेला की पाया पडतो, त्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं. शॉकवेव्ह मेगाट्रॉनला शांतपणे सांगतो की तुझं वागणं तर्काला धरून नाही, म्हणून आता प्रमुख मी. ऑटोबॉट्सच्या प्रमुखाला, ऑप्टिमस प्राइमला, तो मारत नाही, त्याचं डोकं धडावेगळं करून जिवंत ठेवतो, कारण त्या डोक्यात क्रिएशन मॅट्रिक्स आहे आणि ती वापरून नव्या रोबोंमध्ये प्राण घालता येतो. त्यात सूड नाही, राग नाही. समोरचा कामाचा आहे तोपर्यंत ठेवायचा, एवढंच. मला हे मेगाट्रॉनच्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा जास्त भयानक वाटतं आणि म्हणूनच तो माझा आवडता.

पण एक गोष्ट लक्षात ठेव, तो स्वतःला कितीही तर्कशुद्ध म्हणवत असला तरी त्याच्या प्रत्येक हिशेबाचं उत्तर शेवटी ‘खुर्ची मला’ असंच येतं. कॉमिक वाचताना हे शोधत जा, मजा येते.

शॉकवेव्ह श्रेष्ठ की स्टारस्क्रीम? आमच्या वर्गात भांडण झालंय. (सातवी, वास्को)

लढाईत शॉकवेव्ह. गोष्टीत मजा आणायला स्टारस्क्रीम. भांडू नका.

एवढा मोठा रोबो हातात मावेल एवढी बंदूक कसा काय होतो? वजन कुठे जातं? (हायर सेकंडरी, सायन्स, म्हापसा)

सायन्सवाली ना तू, म्हणून तुला हे खुपलं, बरोबर आहे. गोष्टीपुरतं उत्तर सांगायचं तर ते लहान-मोठे होतात, बस्स, कार्टूनने कधी नीट समजावलंच नाही. पण खरं कारण खेळण्यांमध्ये आहे. टाकाराच्या दोन वेगवेगळ्या मालिका होत्या. डायाक्लोनमध्ये गाड्या आणि विमानं होती, आत इवलासा ड्रायव्हर बसायचा, म्हणजे रोबो प्रचंड मोठा धरलेला. मायक्रो चेंज मालिकेत उलटं, तिथे रोबो खरोखरच छोटा, घरातल्या वस्तूच्या रूपात लपलेला: कॅसेट प्लेअर, पिस्तूल, असं. साउंडवेव्ह आणि मेगाट्रॉन या दुसऱ्या मालिकेतले. हॅस्ब्रोने दोन्ही मालिका एका गोष्टीत घातल्या आणि मग ट्रकएवढा ऑप्टिमस आणि मुठीत मावणारा मेगाट्रॉन एकमेकांसमोर उभे राहिले. शॉकवेव्हची अडचण तीच, खेळणं म्हणून तो हातात धरायची बंदूकच होता. कॉमिकमध्ये मात्र तो बंदूक होऊन स्वतःच उडतो आणि गोळ्या घालतो, कुणी हातात धरावा लागत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न एवढा टोचत नाही.

शॉकवेव्हचं खेळणं मुळात दुसऱ्याच कंपनीचं होतं असं ऐकलं, खरं का? आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला एक जांभळा बंदूकवाला रोबो दिसला, बॉक्स नाही, घेऊ का? (नोकरी करणारा वाचक, फोंडा)

खरं आहे. १९८५ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा खप एवढा वाढला की टाकाराची खेळणी पुरेनात, मग हॅस्ब्रोने दुसऱ्या कंपन्यांकडूनही घेतली. शॉकवेव्ह हे टॉयको कंपनीचं ॲस्ट्रो मॅग्नम नावाचं खेळणं, लाइट लागणारं आणि आवाज करणारं, रंग करडा. हॅस्ब्रोने ते जांभळं केलं आणि डिसेप्टिकॉनचा शिक्का मारला. गंमत म्हणजे अमेरिकेत त्याच सुमारास रेडिओ शॅकच्या दुकानांत हेच खेळणं करड्या रंगात गॅलॅक्टिक मॅन नावाने मिळत होतं. जपानमध्ये या पात्राला लेझरवेव्ह म्हणतात, नेटवर जुनं काही शोधताना ते नाव पण टाकून बघा, बरंच सापडतं.

बाजारातल्या रोबोबद्दल, बघितल्याशिवाय सांगणं कठीण. अंगावर कुठेतरी कंपनीचं नाव आणि साल उठावात छापलेलं असतं ते आधी शोधा, नसेल तर नक्कल समजा. जुना १९८५ चा म्हणून कोणी विकत असेल तर डाव्या हातापासून पाठीकडे जाणारी रबरी नळी जागेवर आहे का बघा, ती तडकते नाहीतर हरवते, आणि बॅटरीचा कप्पा उघडून गंज चढलाय का तेही बघा, आपल्याकडच्या दमट हवेत तो कप्पा सगळ्यात आधी खराब होतो. लहान मुलासाठी घेत असाल तर मात्र जुन्याच्या भानगडीत पडू नका, नवा आयएसआय मार्कचा घ्या. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना तो मार्क सक्तीचा आहे.

महाग का, असंही तुम्ही पत्रात विचारलंय. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के, मोठा फरक तिथेच पडतो. आणि जाता जाता, गोव्याचा आणि हॅस्ब्रोचा जुना संबंध आहे बरं का. फनस्कूल ही कंपनी १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून सुरू केली आणि तिचा कारखाना आपल्या गोव्यात आहे. नव्वदच्या दशकात ज्या जी.आय. जोच्या बाहुल्यांसाठी देशभरातली पोरं हट्ट करायची त्या फनस्कूलच्याच. मला याचा फार अभिमान वाटतो आणि आपल्याकडच्या मुलांना हे माहीतच नसतं.

शॉकवेव्ह आधी चांगला होता असं एका मित्राने सांगितलं, मला पटत नाही. (कॉलेज, मडगाव)

मित्र बरोबर आहे, पण एका विशिष्ट कॉमिकपुरता. ट्रान्सफॉर्मर्सच्या गोष्टी अनेकदा नव्याने सुरू झाल्यात, प्रत्येकीत शॉकवेव्ह थोडा वेगळा. २००७ च्या ॲनिमेटेड मालिकेत तो ऑटोबॉट्समध्येच वेश बदलून वरच्या पदावर बसलेला हेर आहे, ट्रान्सफॉर्मर्स प्राइम या मालिकेत तो प्रेडाकिंगसारखे ड्रॅगन प्रयोगशाळेत तयार करणारा शास्त्रज्ञ आहे. तू म्हणतोस ती गोष्ट आयडीडब्ल्यू प्रकाशनाच्या कॉमिकची, २००५ पासून २०१८ पर्यंत चाललेल्या.

तिथे आधी सायमन फर्मनने २००६ मध्ये त्याच्यावर एक अख्खा अंक लिहिला. त्यात त्याला युद्धाच्या ऐन गडबडीत दिसतं की दोन्ही बाजू ग्रहाचं सगळं इंधन संपवणार आहेत, मग जिंकून करायचं काय? म्हणून तो कुणाला न विचारता दूरदूरच्या ग्रहांवर एनर्जॉनचं, म्हणजे या रोबोंच्या इंधनाचं, बी पेरत जातो, लाखो वर्षांनी पीक घेता येईल म्हणून, आणि त्यातलाच एक ग्रह पृथ्वी. तिथे माणसं जन्मतील, काय होईल, हा विचारच नाही त्याच्या डोक्यात.

मग २०१२ मध्ये जेम्स रॉबर्ट्सने युद्धाच्या आधीचा काळ दाखवला. शॉकवेव्ह तिथे सिनेटर आहे. रंगीबेरंगी, बोलका, हसरा, दुसऱ्यांसाठी जीव टाकणारा, सरकार ज्यांना वेगळे म्हणून बाजूला काढतं अशा रोबोंना आसरा देणारी अकादमी चालवणारा. ओरायन पॅक्स म्हणजे जो पुढे ऑप्टिमस प्राइम होणार, त्याचा मित्र! तो भ्रष्ट सिनेटच्या विरोधात जातो म्हणून त्याला शिक्षा होते. पहिली शिक्षा, चेहरा आणि हात कापून टाकायचे, चेहऱ्याच्या जागी एक डोळा बसवायचा. ही शिक्षा त्या जगात ठरलेलीच आहे, व्हर्ल नावाच्या दुसऱ्या एका रोबोलाही तीच झालेली, कुणीही बघितलं की ओळखेल हा शिक्षा झालेला. दुसरी त्याहून वाईट, मेंदूत हात घालून भावनाच काढून टाकायच्या. आणि त्यातून जो उठतो तो आपला शॉकवेव्ह.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढची पानं उलटवेनात. कारण १९८५ च्या खेळण्याला चेहरा नव्हता एवढीच मूळची गोष्ट, पंचवीसेक वर्षं सगळ्यांनी ते डिझाइन म्हणून बघितलं, आणि या लेखकाने विचारलं की चेहरा नाही तर तो गेला कुठे. खेळण्याच्या आकारातून एवढं दुःख काढणं सोपं नाही. मात्र त्याच्यावर अन्याय झाला म्हणून त्याने पुढे केलेलं सगळं माफ, असं ते कॉमिक कुठेच म्हणत नाही, तसं वाचूही नको. जो त्याच्यावर प्रेम करायचा त्या ऑप्टिमसलाही त्याच्याशी लढावंच लागतं. तू ते कॉमिक मिळवून वाच, इंग्रजीत आहे पण भाषा अवघड नाही, आणि मित्राला थँक्यू म्हण.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला फक्त व्हिलनच आवडतात. शॉकवेव्ह बनून घरभर फिरतो, ‘हे लॉजिकल नाही’ म्हणतो, भात खायला सांगितला तरी तेच. काळजी करू का? (पालक, पेडणे)

अजिबात नको. तुम्ही पेडण्याच्या, म्हणजे दशावतार बघितलेलाच असणार. राक्षसपार्टी आरोळी ठोकत आत आली की पुढे बसलेली पोरं घाबरतात पण नजर हटवत नाहीत, घरी येऊन तीच आरोळी ठोकत बसतात, आणि त्यातली कुणी राक्षस झाल्याचं मी ऐकलं नाही. मुलांना ताकद खेळून बघायची असते आणि व्हिलन होऊन ती जास्त मोकळेपणी बघता येते.

मी तुमच्या जागी असते तर त्याच्याशी खेळात शिरले असते. शॉकवेव्हला भूक लागते का, त्याला कोण आवडतं, ऑप्टिमस त्याच्या घरी आला तर काय देईल, असं विचारा. तो काय उत्तरं देतो ते नीट ऐका, मूल दिवसभरात काय झालं ते सरळ सांगत नाही पण पात्राच्या तोंडून बरंच सांगून टाकतं. फक्त वर मी सांगितलेलं आयडीडब्ल्यूचं कॉमिक एवढ्यात त्याच्या हातात देऊ नका, ते मोठ्यांसाठी आहे, चेहरा कापण्याचा भाग सात वर्षांच्या मुलाला नको. जुनं कार्टून चालेल.

आमच्या वाड्यावरची पोरं यंदा शॉकवेव्हचा नरकासुर करूया म्हणतायत. मोठी माणसं रागावलीत, नरकासुर तो नरकासुरच पाहिजे म्हणतात. तुमचं मत? (तरुण मंडळातला वाचक, डिचोली)

मोठ्यांचं म्हणणं मला पटतं, स्पष्टच सांगते. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा राहतो, पहाटे कृष्णाच्या हातून मरतो आणि जळतो, मग कारीट फोडून, आंघोळ करून सगळे फोव खातात, त्यात त्याचे बाहेर आलेले दात, लाल डोळे, मिशा हे सगळं हवंच. त्याच्या जागी दुसऱ्याला उभा केला तर कृष्णाने मारलं कुणाला?

पण पोरांचा उत्साहही वाया घालवू नका. शॉकवेव्ह वेगळा करा, लहान, नरकासुराच्या बाजूला त्याचा सेनापती म्हणून उभा करा. स्पर्धेला उतरणार असाल तर आधी आयोजकांना विचारून घ्या. करायला तो सोपा आहे, कारण चेहरा रंगवायचाच नाही. बांबूचा सांगाडा, सुकं गवत, वर कागद, जांभळा रंग. डोकं पुठ्ठ्याचं षटकोनी, वर दोन्ही बाजूंना कानासारखी टोकं. डोळा पिवळाच ठेवा, लाल सिनेमातला आहे, जुन्याचा पिवळा. डावा हात कोपराखाली बंदुकीची नळी आणि तिथून पाठीपर्यंत जाड दोरी, ती विसरलात तर ओळखणारे लगेच बोट दाखवतील. थर्माकोल आणि प्लास्टिक वापरू नका, जळताना धूर वाड्यावरच्या सगळ्यांच्या छातीत जातो. डोळ्यासाठी बल्ब लावणार असाल तर जाळण्याच्या आधी बल्ब, वायर, बॅटरी काढून घ्यायला एकाला नेमून ठेवा, पहाटेच्या गडबडीत ते हमखास राहून जातं.