डोळे मिटून एका पायावर उभं राहिलं की तोल जातो. तोल कानात असतो ना, मग डोळ्यांचा काय संबंध?

कानात बिघाड असल्याची भीती आधी मनातून काढा. डोळे मिटून एका पायावर दहा-पंधरा सेकंद टिकणं तरुण, धडधाकट माणसांनाही जड जातं. साठीनंतर तर चार-पाच सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की 'घरचे म्हणतात, मान फार हलवू नकोस, तोल मानेमुळेच जातो.' त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसले. बाकीचं आधी उरकते.

तोल कानात असतो हे अर्धंच खरं. मेंदूला खबर तीन ठिकाणांहून येते: डोळे, अंतर्कर्ण, आणि तळपाय, घोटे, सांधे, स्नायू यांच्याकडून. टणक जमिनीवर उजेडात उभ्या असलेल्या निरोगी माणसाची साधारण ७० टक्के भिस्त या तिसऱ्यावर असते, २० टक्के कानावर, आणि डोळ्यांवर जेमतेम १० टक्के. हे प्रमाण कायमचं ठरलेलं नसतं. जमीन मऊ झाली, अंधार झाला की मेंदू ते लगेच बदलतो. तुम्ही पाय उचललात, तिथेच आधार अर्ध्याहून कमी झाला. उरलेला घोटा इतका लटलटतो की त्याच्याकडून येणारी खबर गढूळ होते. अशा वेळी मेंदूला डोळे हवे असतात आणि नेमके तेच तुम्ही मिटलेत. राहिला कान. डोकं झटक्यात वळलं तर कान अचूक सांगतो, पण शरीर अगदी सावकाश कलत असेल तर त्याला ते उशिरा कळतं. तोवर तुम्ही दुसरा पाय टेकलेला असतो.

एरवी आपण स्थिर उभे असतो असं वाटतं, तेही खरं नाही. शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, त्यामुळे आपण सतत पुढे कलत असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू सतत मागे खेचत असतात. धक्का बसला तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पायांचे स्नायू सावरायला लागलेले असतात. विचार त्यानंतर येतो. इतकंच काय, उभ्याने हात वर करायचा असेल तर हाताच्या स्नायूच्या आधी पायाचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात, कारण हात उचलल्यावर भार कुठे सरकेल याचा हिशेब आधीच झालेला असतो. 'तोल सांभाळ, लक्ष दे' असं कुणी ओरडून सांगितलं की त्याचा उपयोग शून्य असतो, तो म्हणूनच.

आता मान.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी जाग आली ती खोली फिरत असताना. समोरची भिंत डावीकडून उजवीकडे धावत होती आणि संपतच नव्हती. उठायला गेले ती सरळ डावीकडे कोसळले, कपाटावर. मग उलट्या. डोळे मिटले तरी गरगरणं चालूच. ऐकू व्यवस्थित येत होतं, बोलता येत होतं, हातपाय हलत होते. फक्त जग थांबत नव्हतं. मोठ्या नणंदबाई तेव्हा आमच्याकडे राहायला होत्या. त्यांनी आल्या आल्या निदान केलं, "हे मानेचं आहे. दिवसभर मान खाली घालून बसते, दुसरं काय होणार!" आणि ज्या डॉक्टरांकडे मला नेलं त्यांनीही मानेचा एक्स-रे काढून तेच सांगितलं. मणक्यातली गॅप कमी झालीय. पट्टा घाला, गोळ्या घ्या, मान हलवू नका, पडून राहा.

चाळिशी ओलांडलेल्यांच्या मानेचे एक्स-रे काढा, कित्येकांत काहीतरी झिजलेलं दिसतंच. ते दिसलं म्हणजे गरगरण्याचं कारण सापडलं असं होत नाही. अशी गरगर अंतर्कर्णातून येते हे प्रॉस्पर मेनिएर यांनी पॅरिसमध्ये १८६१ साली सांगितलं. कानात गार-कोमट पाणी सोडलं की डोळे कसे फिरतात यावरून कानाचं काम तपासणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. एवढं सगळं होऊन गेल्यावरही आमच्या डॉक्टरांना मानच सापडली.

पहिले दोन-तीन दिवस पडून राहणं ठीकच होतं. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. गोळ्यांनी उलट्या थांबल्या, तेही ठीक. पण नंतर आठवडे उलटले आणि मी पट्टा घालून, भिंत धरून, अख्खं शरीर वळवल्याशिवाय बाजूला न बघणारी बाई झाले. नणंदबाई खूश होत्या. "बघ, मान जपलीस तर चक्कर येत नाही." न हलणाऱ्याला हलल्याची चक्कर कुठून येणार?

शेवटी माझ्या भाच्याने मला कान-नाक-घशाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पट्टा काढायला लावला, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघत राहा." मग डोकं झटकन थोडं उजवीकडे वळवलं. डोळे नाकावरच राहिले. डावीकडे वळवलं तर डोळे डोक्याबरोबर वाहवत गेले आणि मग उडी मारून नाकावर परत आले. भाच्याला ती उडी स्पष्ट दिसली. हॅलमागी आणि कर्थॉइस या दोघांनी १९८८ मध्ये मांडलेली ही चाचणी. यंत्र नाही, खर्च नाही, आणि डाव्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज येऊन ती गप्प झाली होती हे तिने अर्ध्या मिनिटात सांगितलं.

डोकं वळलं की डोळे तेवढेच उलट वळतात, तेही सुमारे दहा मिलिसेकंदांत. शरीरातल्या सगळ्यात वेगवान प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक आहे. आत्ता करून बघा: मजकूर समोर स्थिर धरून डोकं भराभर डावी-उजवीकडे हलवा, वाचता येईल. आता डोकं स्थिर ठेवून मजकूर तेवढ्याच वेगाने हलवा, अक्षरं फिसकटतील. पहिल्या वेळी कान मदतीला होता, दुसऱ्या वेळी नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळे दोन्ही कानांतली ही यंत्रणा गमावलेल्या एका डॉक्टराने १९५२ मध्ये स्वतःचा अनुभव लिहून ठेवलाय. नाडीच्या ठोक्यांनी डोकं जेवढं हलतं तेवढ्यानेही अक्षरं उडायची, म्हणून वाचताना त्याला पलंगाच्या लोखंडी दांड्यांमध्ये डोकं दाबून धरावं लागे. कान काय करतो हे मला त्या दांड्यांनी जेवढं समजलं तेवढं आकृत्यांनी नाही.

मग एकच कान गप्प झाला तर जग का फिरतं? कारण कान शांतपणे बसलेले नसतातच. डोकं हललं नाही तरी दोन्ही बाजूंच्या नसा सतत संदेश पाठवत असतात आणि मेंदू बघतो फक्त फरक. रस्सीखेचेत दोन्ही बाजू सारख्या ओढत असतात तोवर दोर जागचा हलत नाही. एका बाजूने हात सोडले तर दुसरीने काही जास्त न करताही सगळं तिच्याकडे जातं. माझ्या डाव्या कानाने हात सोडले. मेंदूला वाटलं, आपण उजवीकडे फिरतोय, आणि ते थांबतच नाहीये.

यापुढचं नणंदबाईंना मी कितीदा सांगितलं, त्यांनी कधी ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. गप्प झालेली नस पुन्हा पूर्ण बोलती होईलच असं नाही. बरं होतं ते बहुतेक मेंदूने हिशेब नव्याने मांडल्यामुळे, आणि त्यात मोठा वाटा लहान मेंदूचा. आकाराने तो मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज त्यात असतात. हात नेमका कपापर्यंत जाऊन थांबणं, पायरीचा अंदाज येणं, डोळे आणि डोकं एकमेकांशी जुळणं, या सगळ्याची दुरुस्ती तिथे होते. आणि तो शिकतो चुकीतून. डोकं वळलं, डोळे मागे पडले, चित्र घसरलं, ही चूक त्याच्यापर्यंत पोचली तरच तो पुढच्या वेळचा हिशेब बदलणार. डोकं वळलंच नाही तर चूक नाही, आणि चूक नाही तर दुरुस्ती नाही. मानेला पट्टा बांधून पडून राहणाऱ्या माणसाचा लहान मेंदू बिचारा वाट बघत बसतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर त्याही हीच शिकवणी लांबवतात.

हे काही नवं ज्ञानही नाही. कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना मुद्दाम डोकं हलवायला लावणारे व्यायाम बसवले होते. मला मिळालेला पहिला व्यायाम तर हास्यास्पद वाटावा इतका साधा होता. कार्डावर एक अक्षर लिहायचं, ते हातभर अंतरावर धरायचं आणि नजर अक्षरावर ठेवून डोकं नकार दिल्यासारखं हलवायचं. अक्षर धूसर होण्याच्या सीमेवर येईल इतका वेग. मळमळायचं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, थोडं मळमळलं तर बरोबर चाललंय, काहीच झालं नाही तर वेग वाढवा. नंतर पाय जुळवून, मग मऊ उशीवर, मग चालता चालता डावी-उजवीकडे बघत.

शेवटच्या प्रकारात खरी लढाई झाली. मी बोळात चालायचे आणि नणंदबाई मागून येऊन दंड घट्ट पकडायच्या. "पडलीस तर मला जाब विचारतील!" मी म्हणायचे, "ताई, धरू नका. हवं तर नुसतं बोट लावू द्या." त्यांना तो उर्मटपणा वाटला. पण बोटाच्या टोकाने भिंतीला अगदी हलका स्पर्श केला, शंभर ग्रॅमहूनही कमी भार टाकला, तरी उभ्या माणसाचं डोलणं स्पष्टपणे कमी होतं. १९९० च्या दशकात हे प्रयोगांत मोजलं गेलंय. एवढ्या स्पर्शाने आधार मिळत नाही, मिळते ती खबर: आपण कुठल्या बाजूला आणि किती कलतोय. दंड धरला की उलट होतं. तोल दुसऱ्याकडे जातो आणि आपले घोटे काम सोडून देतात. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून फिरवणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांनी यावर जरा विचार करावा.

नणंदबाई अजून म्हणतात, "मी मान जपली म्हणून एकदाही पडले नाही." पडल्या नाहीत हे खरं, कारण त्या हल्ली फारशा चालतच नाहीत. वाटेत कुणी काही विचारलं तर आधी थांबतात, मग उत्तर देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये नेमकं हेच टिपलं होतं: बोलण्यासाठी ज्यांना चालणं थांबवावं लागतं त्या वृद्धांना पुढच्या काळात पडण्याचा धोका जास्त. चालणं आपोआप व्हायचं थांबलंय, त्यात सगळं लक्ष खर्च होतंय, असा त्याचा अर्थ. मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "परदेशातलं आहे ते." परदेशातल्या माणसांना लहान मेंदू वेगळा असतो बहुधा.

तर तुमच्या घरच्यांना सांगा, मान हलवण्यासाठीच दिलेली आहे. आणि तो एका पायाचा खेळ सोडू नका, फक्त कोपऱ्यात करा. दोन बाजूंना भिंती, समोर खुर्चीची पाठ, पायात काही नको. आधी डोळे उघडे ठेवून, मग तसंच उभं राहून डोकं सावकाश वळवत, मग मऊ जागेवर, आणि डोळे मिटणं सगळ्यात शेवटी. तोल सरावाने सुधारतो, कुठल्याही वयात.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. मान अगदीच निरपराध आहे असं माझं म्हणणं नाही. डोकं धडावर कसं वळलेलं आहे हे मेंदूला मानेच्या स्नायूंकडूनच कळतं, आणि मानेला इजा झाली असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता करू नका. कुशीवर वळलं किंवा वर बघितलं की मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर येत असेल, तर तो आजार वेगळा. कानातले कॅल्शियमचे बारीक स्फटिक जागा सोडून नलिकेत गेलेले असतात आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत आणता येतात. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे, माहितगार माणसाकडून करून घ्या. गरगरण्याबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हात-पाय किंवा चेहरा लुळा पडला, प्रचंड डोकं दुखलं किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर कान-मान हा वाद बाजूला ठेवून तडक इस्पितळात जा. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजली जातात.

आणि तुमची खरी परीक्षा एका पायाची नाहीच. दोन्ही पाय जुळवून, कुणाला तरी शेजारी उभं करून डोळे मिटा. थोडं डोलणं सगळ्यांनाच होतं. पण डोळे उघडे असताना नीट उभे राहता आणि मिटल्याबरोबर पडायलाच लागता, असं असेल तर पायांकडून येणारी खबर कमी पडतेय किंवा कान कमी पडतोय. पायांच्या बाबतीत मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही दोन नेहमीची कारणं. दोन्ही रक्ततपासणीत कळतात आणि बी-१२ ची कमतरता तर वेळेवर भरूनही काढता येते.