इंग्लिश बोलायचंय, पण क्लासात तोंडच उघडत नाही

प्रश्न: ताई, नमस्कार. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते, वय 38. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीला एकदम सगळं इंग्लिशमधून सुरू झालं, तेव्हा जी भीती बसली ती बसलीच. वाचलं तर बरंच कळतं पण बोलायला गेलं की घसा सुकतो. मागच्या वर्षी एका स्पीकिंग कोर्सचे पैसे भरले, बॅचमध्ये 40 जण, सर एकेकाला उभं करायचे, मी तिसऱ्या आठवड्यात सोडलं. आता वाड्यावरच्या आम्ही पाच जणी म्हणतोय आपणच संध्याकाळी बसूया, शेजारच्या आंटी मुंबईला नोकरी करून परत आल्यात, त्या बोलायला तयार आहेत. घरचे म्हणतात एकमेकींकडून चुकीचंच शिकणार तुम्ही. खरंच असं होतं का?

उत्तर: बसा. उद्यापासूनच बसा, मुहूर्त बघू नका.

मला सांगा, तुमच्या घरात बोलतात काय? डिचोलीच्या म्हणजे बहुतेक कोंकणीच. आणि पत्र लिहिलंय मराठीत, तेही इतकं सरळ आणि छान. चौथीनंतर मराठी शाळा सुटली तरी ही मराठी टिकली आणि वाढली ती कशी? देवळातली भजनं, घरात येणारा पेपर, जत्रेची नाटकं. आमच्या गावच्या नाटकात एक काका होते, शाळा जेमतेम दुसरी, घरात कोंकणीशिवाय शब्द नाही, पण ऐतिहासिक नाटकात अशी जड मराठी बोलायचे की पुण्याच्या माणसानं ऐकत राहावं. महिनाभर तालीम चालायची, अडखळले की मागून कोणीतरी शब्द पुरवायचं आणि प्रवेश पुढे जायचा, मधेच थांबवून कोणी त्यांना व्याकरण विचारलं नाही. म्हणजे आपल्या माणसांत बसून दुसरी भाषा शिकायची सवय आपल्याला पहिल्यापासूनच आहे, फक्त इंग्लिशच्या बाबतीत आपण ती वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. चावी, पगार, बटाटा हे पोर्तुगीज शब्द आपल्या तोंडी बसले तेही काही क्लास लावून नाही.

क्लासात तुमचं जे झालं त्यात तुमची चूक नाही. स्टीफन क्रॅशन नावाचे अमेरिकन भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी 1980 च्या दशकात मांडलं की माणूस घाबरलेला असला की मधे जणू गाळणी बसते आणि कानावर पडलेली भाषा आत उतरतच नाही. मी 26 वर्षं शाळेत इंग्लिश शिकवलं, हे रोज बघितलंय, वर्गात उभं केलं की मुकी होणारी मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणीशी दोन वाक्यं बोलून जायची.

आता घरच्यांचं. ते अगदीच खोटं बोलत नाहीत. पाचही जणींची भाषा एक, त्यामुळे चुकाही त्याच होणार आणि कोणाच्या लक्षात यायच्या नाहीत. उदाहरणार्थ 'डिड यू वेन्ट', आपल्याकडे हे हमखास होतं. डिड आला की भूतकाळ त्याच्यातच आला, पुढे साधा गोच राहतो, डिड यू गो. दुसरं ए आणि द चं, ते आपल्यात नाही म्हणून सुटतं, पण 'काल एक माणूस आला होता, तो माणूस आज परत आला' हे आपण म्हणतोच ना, तो 'एक' म्हणजे ए आणि 'तो' म्हणजे द, सगळीकडे नाही पण सुरुवातीला एवढं धरलं तरी पुष्कळ. आणि व्हॅन आणि वन, आपण दोन्हीकडे एकच व म्हणतो. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, दुसऱ्याला ओठ नुसते गोल. आंटींच्या तोंडाकडे बघून करा, हे पुस्तकातून येत नाही.

म्हणून आंटी पाहिजेतच, पण त्यांना टीचर करू नका. तुम्ही म्हणालात 'येस्टरडे आय गो टू मापसा', तर त्यांनी चूक न काढता एवढंच म्हणायचं, 'ओ, यू वेन्ट टू मापसा? व्हॉट डिड यू बाय?' बरोबर वाक्य कानावर पडलं, गप्पा थांबल्या नाहीत, मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय घेतलं ते सांगताना तुम्ही आपोआप वेन्ट म्हणाल, लगेच नाही, दहाव्या वेळेला. त्या 'यू आर कमिंग, नो?' असं बोलतील, गोव्यात सगळेच बोलतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मुलाखतीत तेवढं टाळायचं.

हात रिकामे ठेवून समोरासमोर बसू नका, बोलायचं दडपण येतं. अबोलीच्या वेण्या करा, मे महिन्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडा सोलांसाठी, मासळी साफ करा, हातातल्याच कामाचं बोला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे पण चुकवायचं नाही. तिथे कोण काय चुकलं ते तिथेच राहिलं पाहिजे. इंग्लिश मीडियममधली मुलं आईला हसतात, ती लहान आहेत, पण त्या अर्ध्या तासात त्यांना बाहेर खेळायला पाठवा, हे मी मुद्दाम सांगतेय, कितीतरी बायका तिथेच गप्प होतात. पणजीला गेलात तर पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथली गोष्टीची पुस्तकं बघा, एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची.

क्लास नंतर लावायचा तर लावा. तोंड सुटल्यावर व्याकरण कामाला येतं.

प्रश्न: मॅडम, मी पेडण्याचा, वय 21, मोपा विमानतळावर नोकरीसाठी मुलाखत आहे, 3 आठवडे आहेत. इंग्लिशचं काय करू?

उत्तर: वरचं पत्र वाच, तेच तुलाही. तुझ्या ओळखीत कोणीतरी तिथे आधीच लागलेलं असेल, त्याला पकड, संध्याकाळी दोन-तीन मित्र मिळून एक प्रवासी, एक काउंटरवरचा असं बोला, सामान हरवलं, फ्लाइट लेट झाली, लहान मूल रडतंय. रोज भूमिका बदला. स्वतःची ओळख पाठ करून जाऊ नकोस, मधलं एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं जातं. प्रश्न कळला नाही तर 'सॉरी, कुड यू रिपीट दॅट?' हे मात्र झोपेतही यायला पाहिजे. मुलाखत झाली की तुला काय काय विचारलं ते आठवेल तसं लिहून पाठव, इथे छापू, तुझ्या मागून जाणाऱ्या मुलांना ते लागेल.