पोस्टग्रेस डेटाबेस १४ व्या आवृत्तीवर अपग्रेड केल्यावर जुन्या एमडी५ पद्धतीने साठवलेले पासवर्ड आपोआप स्क्रॅम या नव्या, जास्त सुरक्षित पद्धतीत जातात का?

नाही, प्रत्येक युजरचा पासवर्ड नव्याने सेट करावाच लागतो. तोच जुना परत टाकला तरी चालतो. सर्व्हरकडे मूळ पासवर्ड नसतो, फक्त त्याचा एमडी५ हॅश (त्यावरून बनवलेली, उलटी न फिरवता येणारी खूण) असतो, आणि त्यावरून स्क्रॅमचा हॅश बनवता येत नाही. १४ मध्ये 'पासवर्ड_एन्क्रिप्शन' या सेटिंगचा डीफॉल्ट तेवढा स्क्रॅम-शा-२५६ झाला, तोही यापुढे सेट होणाऱ्या पासवर्डांपुरता. (कॉन्फिग फाइल जुनीच उचलून आणली असेल तर ही ओळ आधी तपासा.)

कोण मागे राहिलंय ते सुपरयुजरने 'पीजी_ऑथआयडी' या टेबलच्या 'रोलपासवर्ड' कॉलममध्ये पाहावं: मजकूर 'एमडी५'ने सुरू होत असेल तर तो युजर बाकी आहे. बदल पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनातल्या बॅकस्लॅश-पासवर्ड कमांडने करा. ती हॅश तुमच्या मशीनवरच बनवते. 'ऑल्टर रोल'मध्ये उघडा पासवर्ड लिहिला तर तो सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसू शकतो.

'पीजी_एचबीए' (कोणी कसं लॉगिन करायचं ते ठरवणाऱ्या) फाइलमधली 'एमडी५' ही पद्धत मात्र सगळे युजर होईपर्यंत बदलू नका. ती असतानाही ज्याचा हॅश स्क्रॅमचा आहे त्याला स्क्रॅमच लागतं, आणि उरलेले अडकत नाहीत. उलट क्रमाने केलंत तर सकाळी फोन येणारच!

एक अट: क्लायंट जुने नकोत. लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) १० च्या आधीचं किंवा जावासाठीचा जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२.० च्या आधीचा असेल, तर स्क्रॅम पासवर्डने लॉगिनच होणार नाही.