तुमची गाडी, तुमचे प्रश्न: ऑटोमॅटिक काढला, आता डिफरन्शियल कुठला?

प्रश्न: माझ्याकडे मर्सिडीजची डब्ल्यू १२३ मालिकेतली ३०० डी आहे, टर्बो नसलेली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप व्हायला लागला म्हणून पाच गिअरचा मॅन्युअल बसवून घेतला. त्याचा पहिला गिअर ३.९१, चौथा १ आणि पाचवा ०.७८ आहे. डिफरन्शियल मूळचाच, ३.४६ चा. गॅरेजवाले म्हणतात, टर्बो मॉडेलचा ३.०७ टाका, ॲव्हरेज वाढेल. मित्र म्हणतो, २४० डी चा ३.६९ टाक, घाटात दम येईल. सासुरवाडी वैभववाडीला, त्यामुळे करूळ घाट सारखाच लागतो. बाकी पुण्याला जाणे-येणे. काय करू? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ३.०७ चा नाद सोडा. आधी आहे त्याच ३.४६ वर गाडी चालवून बघा. आता यामागचा हिशोब सांगतो. डिफरन्शियलचा आकडा म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेऱ्या फिरतो ते; आकडा मोठा तितकी ओढ जास्त, पण इंजिनच्या फेऱ्याही जास्त.

तुमचे टायर १९५/७० आर १४ असतील, तर चाक एका फेरीत साधारण १.९५ मीटर जाते. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला चाकाच्या मिनिटाला ८५५ फेऱ्या होतात. त्याला डिफरन्शियलच्या आणि गिअरच्या आकड्याने गुणले की इंजिनच्या फेऱ्या मिळतात. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये सगळ्यात वरचा गिअर एकास एक होता. शंभरला इंजिन २९५० च्या आसपास फिरायचे, वर ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची घसर वेगळी. आता पाचव्यात त्याच वेगाला २३०० फेऱ्या होतात. ३.४६ ला ०.७८ ने गुणा, २.७० येतात. म्हणजे पुण्याच्या रस्त्यावर तुमची गाडी आत्ताच २.७० च्या डिफरन्शियलवर पळते आहे. गॅरेजवाल्यांना जो फायदा करून द्यायचा आहे, तो पाचव्या गिअरने आधीच दिलाय.

त्यावर ३.०७ चढवला की पाचव्यात एकूण गुणोत्तर २.३९ वर येते. ताशी ८० ला इंजिन जेमतेम १६४० फिरेल. हे इंजिन पाच सिलिंडरचे असले तरी ताकद ८८ अश्वशक्तीची, आणि सगळ्यात जास्त ओढ २४०० फेऱ्यांना. १६४० वर साधा चढ लागला तरी गाडी दम टाकते, तुम्ही चौथा घालता, आणि चौथ्यात फेऱ्या २१०० होतात. एवढा खर्च करून बसवलेला पाचवा गिअर मग नुसता शोभेला उरतो. डिझेलही वाचत नाही, कारण बराच वेळ चौथ्यातच चालवावे लागते.

मित्राचे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी जागेवरून निघताना तो इंजिनची ओढ जवळजवळ दुप्पट करून गिअरबॉक्सला देतो. क्लच तसे काही करत नाही, आहे तेवढीच ओढ पुढे पाठवतो. म्हणून गिअरबॉक्स बदलल्यावर गाडी पहिल्या गिअरला मेल्यासारखी वाटते. ३.६९ टाकला तर प्रत्येक गिअरमध्ये ओढ साडेसहा टक्क्यांनी वाढेल. कन्व्हर्टरने दिलेली दुप्पट त्यातून भरून निघत नाही, हे मनात पक्के ठेवा. डिफरन्शियलने सगळे गिअर एकाच मापाने सरकतात. दोन गिअरमधले अंतर होते तेवढेच राहते.

तरीही साडेसहा टक्के कुठे कामाला येतात, ते सांगतो. गळीत हंगामात बालिंगा-कळ्याच्या रस्त्यावर डबल ट्रॉलीचे उसाचे ट्रॅक्टर पुढे असतात. त्यांच्या मागे पहिला-दुसरा करत, अर्ध्या क्लचवर सरकावे लागते. करूळ घाट वर चढताना, मागे तिघे बसलेले, डिकी तांदूळ-आंब्यांनी भरलेली, आणि वळणावर समोरून एसटी आली की थांबून परत उचलायची. घराच्या उतारावरून रिव्हर्समध्ये वर घेतानाही तेच. क्लच प्लेट अशाच ठिकाणी जळते. ३.०७ ने हीच ओढ सव्वाअकरा टक्क्यांनी कमी केली असती, म्हणून मी इतक्या ठामपणे नको म्हणतोय.

आता चाचणी घ्या. भरल्या गाडीने कागलच्या बाजूला हायवेवर पाचव्यात ८० धरा. हलका चढ आला की ॲक्सिलरेटर थोडा दाबा. वेग टिकला तर ३.४६ ला हात लावू नका. पडत गेला, चौथा घालावाच लागला, आणि घाटात पहिल्या गिअरला वारंवार क्लच घसरवावा लागत असेल, तर ३.६९ घ्या. त्यातही पाचव्यात शंभरला २४६० फेऱ्याच होतात, जुन्या ऑटोमॅटिकपेक्षा पाचशेने कमी. पुण्याला जाताना कान दुखणार नाहीत.

घेताना पूर्ण डिफरन्शियल जोडीने घ्या. आतले मोठे दातेरी चाक म्हणजे क्राऊन आणि त्याला फिरवणारे छोटे म्हणजे पिनियन; क्राऊन एकाचा, पिनियन दुसऱ्याचा, असे कधीही करू नका. त्यांचे दात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दुकानदार सांगेल तो आकडा मानू नका, मोजून घ्या. बाहेर काढलेल्या डिफरन्शियलची एक बाजू घट्ट धरा, दुसऱ्या बाजूचा शाफ्ट बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि पिनियनच्या फेऱ्या मोजा. साडेतीनच्या किंचित आत आल्या तर ३.४६, पावणेचारच्या जवळ आल्या तर ३.६९. उद्यमनगरात हे काम जाणणारे हात आहेत. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळ्या रंगाचा ठसा समोर उभे राहून बघा.

आणखी दोन गोष्टी. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल असते, पण या मर्सिडीजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल घालायचे असते. कुणी सवयीने ९० नंबरचे जाड गिअर ऑइल ओतले असेल तर आजच बदला. त्याने थंड सकाळी गिअर जड पडतात आणि सिंक्रोनायझर (गिअर अलगद जुळवणाऱ्या रिंगा) खराब होतात. शिवाय या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. ३.६९ बसवल्यावर खरे १०० असताना काटा १०७ च्या आसपास दाखवेल. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून फरक लिहून ठेवा, कारण ॲव्हरेजचा हिशोबही तेवढाच फसेल.

प्रश्न: बोलेरोला २१५/७५ आर १५ चे टायर होते. २३५/७५ आर १५ घातले. गाडी दिसते छान, पण आजऱ्याच्या चढाला जड वाटते. इंजिनचे काम काढू का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: इंजिनला हात लावू नका. टायरचा व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ वर गेलाय, म्हणजे सव्वाचार टक्के मोठा. डिफरन्शियल न बदलताही त्याचा आकडा तेवढाच लहान केल्यासारखे झालेय, ओढ कमी झालीय. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी मूळ टायरपेक्षा तीनेक किलोमीटर जास्त पळते, ब्रेकला थोडे जास्त अंतर लागते. जुने टायर सांभाळून ठेवले असतील तर पुन्हा बसवा. ते विकून टाकले असतील आणि नवे झिजेपर्यंत वापरायचे असतील, तर चढाला एक गिअर आधी उतरवा. वळण पूर्ण तोडताना टायर आत कुठे घासतो का, तेही वाकून बघा.