वाचकांचे प्रश्न : आकाश पांढरं का येतं?

प्रश्न : ताई, मी सांगलीची निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी मुलीबरोबर युरोपची टूर केली, नऊ दिवसांत पाच देश. मोबाइलमध्ये सोळाशे फोटो आहेत, पण चौकट करून भिंतीवर लावावा असा एकही नाही. आकाश पांढरंफटक, चर्चचे मनोरे मागे कललेले. ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं हालश्टाट गाव तर डोळ्यांनी पाहिलं त्याच्या निम्मंही आलेलं नाही. येत्या सप्टेंबरात परत जातोय. चांगला कॅमेरा घेऊ का?

उत्तर : बाई, कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. त्याच पैशात हालश्टाटला एक रात्र राहा.

प्रत्येक फोटोची वेळ मोबाइलमध्ये नोंदलेली असते. ती एकदा उघडून बघा. हालश्टाटचे तुमचे फोटो अकरा ते दोनच्या मधले निघतील, कारण टूरच्या बस त्याच वेळी तिथे पोचतात. माझीही पहिली खेप अशीच झाली. दुपारी साडेबाराला उतरवलं, दोनला परत बसवलं. गावात धड आठशे माणसं राहत नाहीत आणि हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात. त्या गर्दीत, डोक्यावरच्या उन्हात मी जे काढलं ते सगळं तुमच्यासारखंच पांढरं आलं. घरी आल्यावर वाईट वाटलं, कारण ते गाव मला मनापासून आवडलं होतं.

म्हणून पुन्हा गेले, या वेळी साल्झबुर्गहून रेल्वेने. वाटेत एक गाडी बदलावी लागते, अडीचेक तास लागतात. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, तिथून बोटीने गावात उतरायचं. रात्र गावात काढली आणि पहाटे साडेपाचला बाहेर पडले. गाव तळ्याच्या पश्चिम काठावर, डोंगराला पाठ लावून पूर्वेकडे तोंड करून बसलेलं आहे. म्हणजे घरांवर ऊन येतं ते सकाळीच, दुपार कलली की पाठीमागचा डोंगर सावली टाकायला लागतो. समोर पूर्वेलाही डोंगर आहे, त्यामुळे सूर्योदयाची वेळ उलटून गेली तरी ऊन गावात उतरायला बराच वेळ घेतं. तो मधला वेळ सोन्यासारखा. पाण्यावर धुकं होतं. एक गृहस्थ आपल्या चपट्या तळाच्या लाकडी होडीवरची ताडपत्री घडी घालत होते, आणि तेवढाच आवाज येत होता. चर्चचा टोकदार मनोरा पाण्यात उलटा, अगदी स्वच्छ दिसत होता. मग पहिली बोट निघाली आणि तिच्या लाटेने ते प्रतिबिंब फुटलं, ते दिवसभर काही पुन्हा जुळलं नाही. म्हणून पहिल्या बोटीच्या आधी काठावर उभं राहायचं.

ज्या जागेवरून सगळे तो प्रसिद्ध फोटो काढतात ती गावाच्या उत्तरेच्या टोकाला आहे, आणि तिथे लोकांची राहती घरं आहेत. 2023 साली गर्दीला कंटाळून तिथे दृश्य अडवणारं लाकडी कुंपण उभारलं होतं, ओरड झाल्यावर काढलं. पहाटे तिथे गेलात तर अगदी हळू बोला. खिडकीआड कोणीतरी झोपलेलं असतं. आपल्या वाड्यासमोर पहाटे कोणी गलका केला तर आपल्याला चालेल का?

टूरमधून वेगळं होता येत नसेल तर निदान दुपारी तळ्याकडे पाठ करा आणि वरच्या गल्ल्यांत शिरा. तिथे घरांच्या भिंतींना चिकटवून नासपतीची झाडं वाढवलेली आहेत. फांद्या दोन्ही बाजूंना आडव्या पसरवून बांधतात, त्यामुळे अख्खं झाड वेलीसारखं भिंतीवर चढलेलं दिसतं. सावलीत, समोरच्या भिंतीवरून परतून आलेल्या उजेडात ती पानं फार सुंदर येतात. मुलीचा फोटोही तिथेच काढा. उन्हात उभं केलं की डोळे बारीक होतात.

आता मोबाइलचं. आकाश पांढरं येतं कारण मोबाइल अंधाऱ्या घरांना उजळायला जातो. स्क्रीनवर आकाशावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते खाली ओढा. घरं थोडी काळवंडली तर काळवंडू द्या, ती नंतर उजळता येतात. पांढरं झालेलं आकाश मात्र परत येत नाही. आणि मनोरे कलतात ते मोबाइल वर उचलल्यामुळे. तो भिंतीवरच्या आरशासारखा सरळ धरा आणि मागे मागे जा. मागे जागा नसेल तर समोरच्या इमारतीचा पहिला मजला गाठा. तेही जमत नसेल तर मनोरा सोडून द्या, त्याचं दार काढा.

प्रश्न : नमस्कार ताई. दिवाळीच्या सुट्टीत चेक प्रजासत्ताकातल्या प्राग आणि चेस्की क्रुम्लॉव्हला चाललोय. मिररलेस कॅमेरा आहे. वाइड लेन्स (एका चौकटीत रुंद दृश्य घेणारी) नवी घेऊ का? आणि ड्रोन न्यावा का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, क्रुम्लॉव्हला वाइड लेन्सने निराशा होईल. व्ल्टावा नदी त्या जुन्या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घालते आणि किल्ला वर खडकावर आहे. किल्ल्याच्या गच्चीवरून खाली पाहिलं की वाइड लेन्समध्ये आकाशच भरतं आणि गाव मुठीएवढं होतं. तिथे दूरचं जवळ आणणारी, 85 ते 135 मिलिमीटरची लेन्स लावा. लाल कौलांची छपरं एकावर एक रचल्यासारखी येतील आणि मधूनच नदीचा तुकडा चमकेल. दुपार कलल्यावर जा, ऊन तुमच्या पाठीशी किंवा कडेने असेल.

प्रागला चार्ल्स पुलावर पहाटेच जायचं. हा पूल तिथल्या राजा चौथ्या चार्ल्सने 1357 साली बांधायला घेतला. लांबी पाचशे मीटरहून थोडी जास्त, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. पश्चिमेच्या, माला स्त्राना या वस्तीकडच्या टोकाला उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की पुतळे आणि जुन्या शहराचा मनोरा उजळत्या आकाशावर काळे उमटतात. तिथे घाई करू नका. मुंबईत सूर्य जवळपास सरळ खाली बुडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. प्राग पन्नासाव्या अक्षांशावर आहे, तिथे सूर्य तिरका उतरतो आणि तिरका चढतो. त्यामुळे निळा संधिप्रकाश अर्ध्या तासाच्या वर रेंगाळतो, जूनमध्ये तर चाळीस मिनिटांच्या वर. पुलावरचे दिवे आणि निळं आकाश एकाच उजेडाचे होतात अशी काही मिनिटं त्यात सापडतात. मी त्यासाठी तीन पहाटा उठले आणि तिसऱ्या दिवशी जमलं.

एक जपा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर सूर्य संध्याकाळी पाच वाजायच्या आतच मावळतो. दुपारचं जेवण लांबलं की दिवस गेला.

ड्रोन घरी ठेवा. युरोपीय संघात कॅमेरा असलेला ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तरी उडवणाऱ्याला आधी नोंदणी करावी लागते. मिळालेला क्रमांक ड्रोनवर लावायचा, 120 मीटरच्या वर न्यायचा नाही, गर्दीवरून उडवायचा नाही. त्यातून जुन्या शहरांच्या मध्यभागी बहुतेक ठिकाणी बंदी किंवा खास परवानगीची अट असते. चार दिवसांच्या सुट्टीत हा व्याप कशाला? जादा बॅटऱ्या मात्र न्या. थंडीत त्या लवकर उतरतात, म्हणून एक शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. विमानात त्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या.

प्रश्न : मी काढलेल्या युरोपच्या फोटोंचं कॅलेंडर छापून ओळखीच्यांत विकणार आहे. आयफेल टॉवरचा रात्रीचा फोटो चालेल? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : विकायचं असेल तर तो नको. टॉवर 1889 चा, त्याचे हक्क केव्हाच संपले. पण त्यावरची सोनेरी रोषणाई 1985 पासूनची आहे आणि फ्रान्समध्ये ती स्वतंत्र कलाकृती मानली जाते, धंद्यासाठी वापरायला परवानगी लागते. भिंतीवर लावायला, नातेवाइकांना पाठवायला कोणाची हरकत नाही. दिवसाचा आयफेल खुशाल छापा. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतींचे फोटो विकायला कायदा मोकळीक देतो, तेव्हा बाकीची पानं तिकडून भरा. आणि छापून झालं की एक प्रत मला पाठवा, डिसेंबरच्या पानावर कुठलं गाव घातलंत ते बघायचं आहे.